लोकल कंट्रोलर विंडोजला दिसतो, गेमला दिसत नाही. काय करावं?

नेरूळचा_निशाणा

नमस्कार मंडळी. विंडोज ११ चा लॅपटॉप, वायरवाला यूएसबी कंट्रोलर. खोक्यावर कंपनीचं नाव धड नाही, 'पीसी / लॅपटॉप' एवढंच छापलंय. किंमत सातशेच्या आत. अडचणी अशा:

१. स्टीमवरचा (गेम विकत घेऊन चालवायचं अॅप) रेसिंग गेम कंट्रोलरला अजिबात दाद देत नाही. मेनूतसुद्धा काही हलत नाही.
२. दुसरा एक गेम स्टीमवरचा नाही. त्यात कंट्रोलर चालतो, पण बटणं उलटीपालटी. शिवाय कॅमेरा आपोआप आभाळाकडे वळतो आणि तिथेच अडकतो.

विंडोजमध्ये 'जेनेरिक यूएसबी जॉयस्टिक' असं नाव दिसतं, म्हणजे वायर ठीक असावी. कंट्रोलरच फेकायचा का?

---

ड्रायव्हरवाले_काका

खोक्यात छोटी सीडी असेल बघा, तिच्यात ड्रायव्हर असतो. टाका, चालेल.

---

घोडबंदर_गेमर

फेकू नका, आणि सीडीच्या मागेही लागू नका. काका, राग नको, पण त्या सीडीत बहुतेक वेळा फक्त थरथरीचा, म्हणजे व्हायब्रेशनचा जुना ड्रायव्हर असतो. त्याने पहिली अडचण सुटणार नाही, कारण गडबड भाषेची आहे.

विंडोजमध्ये कंट्रोलर गेमशी मुख्यतः दोन पद्धतींनी बोलतो. जुनी डायरेक्टइनपुट. तिच्यात कंट्रोलर फक्त 'मला १२ बटणं आणि ४ अक्ष आहेत' एवढंच सांगतो. अक्ष म्हणजे काडीची, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या स्टिकची, आडवी किंवा उभी हालचाल. कुठलं बटण कशाचं, हे गेमने किंवा तुम्ही ठरवायचं. दुसरी एक्सइनपुट, २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बरोबर आलेली. तिच्यात सगळं आधीच ठरलेलं असतं: ए म्हणजे ए, डावा ट्रिगर (मागचं, बोटाने ओढायचं बटण) म्हणजे डावा ट्रिगर. एका वेळी चारच कंट्रोलर. नंतरचे बरेच गेम फक्त दुसरी भाषा ऐकतात, आणि तुमचा कंट्रोलर पहिलीच बोलत असणार. म्हणून विंडोजला दिसतो आणि गेमला दिसत नाही.

पुढचं सांगण्याआधी एवढं बघून इथे लिहा:

- विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. चौकटीत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल असं टाइप करून एंटर. यादीत कंट्रोलर निवडून 'प्रॉपर्टीज' उघडा. बटणं किती दिसतात? उजवी काडी हलवल्यावर कुठली पट्टी हलते? ट्रिगर हळूहळू दाबल्यावर पट्टी सरकते, की नुसता एक दिवा लागतो?
- डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस'खाली गेम कंट्रोलर शोधा. प्रॉपर्टीज, मग 'डिटेल्स', आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. तिथे व्हीआयडी (बनवणाऱ्याचा कोड) आणि पीआयडी (मॉडेलचा कोड) यांपुढे चार-चार अक्षरं असतात.
- कंट्रोलरवर 'होम' बटण आहे का? की 'मोड' किंवा 'अॅनालॉग' लिहिलेलं बटण आणि लाल दिवा आहे?

---

नेरूळचा_निशाणा

बघितलं. बटणं १२. उजवी काडी 'झेड अॅक्सिस' आणि 'झेड रोटेशन' हलवते. ट्रिगर दाबला की ७ आणि ८ नंबरचे दिवे लागतात, पट्टी नाही. व्हीआयडी ००७९, पीआयडी ०००६. होम बटण नाही, मोड आहे, लाल दिवाही आहे. बटणांवर त्रिकोण-चौकोन नाहीत, १, २, ३, ४ आकडे आहेत.

---

घोडबंदर_गेमर

छान, आता चित्र स्पष्ट झालं. ००७९ / ०००६ ही ड्रॅगनराइझची चिप. वेगवेगळ्या नावांच्या असंख्य स्वस्त कंट्रोलरांत तीच असते. हा फक्त डायरेक्टइनपुट बोलतो. होम बटण असतं तर ते चार-पाच सेकंद दाबून धरल्यावर बऱ्याच कंट्रोलरांत एक्सइनपुट मोड सुरू होतो आणि विषय तिथेच संपतो. तुमच्यात ती सोय नाही.

लाल दिवा मात्र कायम चालू ठेवा. बंद असताना डावी काडी डी-पॅडसारखी (चार दिशांच्या बटणांसारखी) वागते, म्हणजे अर्धवट वळण नाही, आणि बऱ्याच पॅडमध्ये उजवी काडी १ ते ४ बटणं दाबते. वायर काढून लावली की दिवा पुन्हा बंद होतो. निम्मे लोक इथेच अडकतात.

आभाळाकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याचं कारण: गेमला वाटतं की उजव्या काडीची वर-खाली हालचाल अमुक अक्षावर आहे. तुमच्या कंट्रोलरमध्ये ती दुसऱ्याच अक्षावर येते. गेम ज्या अक्षाकडे बघतोय तो मध्यावर नसून टोकाला पडलेला, म्हणून 'काडी पूर्ण वर' असं वाचलं जातं. कंट्रोलर बिघडलेला नाही. आणखी एक: याच आयडीच्या सगळ्या पॅडमध्ये उजवी काडी एकाच अक्षांवर असेल याची खात्री नाही. नेटवर सापडलेलं दुसऱ्याचं मॅपिंग, म्हणजे कुठलं बटण कशाला जोडायचं याची यादी, डोळे झाकून घेऊ नका.

आधी स्टीमचा मार्ग करा, त्याला वेगळं काही बसवावं लागत नाही:

स्टीम, सेटिंग्ज, कंट्रोलर. तिथे 'एनेबल स्टीम इनपुट फॉर जेनेरिक कंट्रोलर्स' चालू करा. मग टेस्टच्या पानावर जाऊन 'सेटअप डिव्हाइस इनपुट्स'. स्टीम चित्र दाखवून एकेक बटण दाबायला सांगतं. ए विचारलं की खालचं बटण, म्हणजे तुमचं ३. बी म्हणजे २, एक्स म्हणजे ४, वाय म्हणजे १. काडी विचारली की सरळ एकाच दिशेला टोकापर्यंत ढकला, तिरकी नको. मधलं गाइड बटण तुमच्याकडे नाही, ते वगळा. सेव्ह करा.

मग लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंट्रोलर, आणि 'एनेबल स्टीम इनपुट'. गेम बंद करून पुन्हा सुरू करा. आता गेमला एक्सबॉक्सचा कंट्रोलर दिसेल.

---

कळवा_खाडी

+१. बाहेरच्या गेमसाठी स्टीममध्ये 'अॅड अ नॉन-स्टीम गेम' आहे. फक्त लाँचरची (गेम उघडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) फाइल देऊ नका, मूळ गेमची द्या. लाँचर दिला तर स्टीम त्यालाच चिकटतं. लाँचरने गेम उघडून स्वतः बंद झाला की कंट्रोलरही गेला. चालतंय की नाही कळायला गेममध्ये शिफ्ट आणि टॅब दाबा. स्टीमचा पडदा वर आला तर चालतंय.

---

नेरूळचा_निशाणा

दोन्ही गेम चालले! कॅमेरा जमिनीवर आला. पण रेसिंगमध्ये अॅक्सिलरेटर एकतर पूर्ण नाहीतर शून्य. वळणावर गाडी गोल फिरते. अर्धा दाबता येत नाही.

---

घोडबंदर_गेमर

येणारही नाही. तुमचा ट्रिगर हे साधं बटण आहे, आत रबराचा घुमट आणि कार्बनची टिकली. एक्सइनपुटमध्ये ट्रिगरला ० ते २५५ असे टप्पे असतात. तुमचा कंट्रोलर फक्त ० आणि २५५ पाठवू शकतो. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, जे हार्डवेअरमध्येच नाही ते कुठून आणणार?

पण तोडगा आहे, जुन्या लोकांचा. उजवी काडी अॅनालॉग आहे ना? तिलाच अॅक्सिलरेटर करा. वर ढकलली की गॅस, खाली ओढली की ब्रेक. कॅमेरा फिरवणं मात्र सोडावं लागेल. रेसिंगमध्ये तो कोण फिरवतो म्हणा.

यासाठी एक्स-३६०-सीई हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. आवृत्ती ३ आणि ४ यांत मोठा फरक आहे. तिसरी आवृत्ती गेमच्या फोल्डरमध्ये एक डीएलएल फाइल ठेवते, आणि गेम तिलाच एक्सइनपुट समजतो. गेम ३२ बिटचा असेल तर ३२ बिटचीच, ६४ चा असेल तर ६४ चीच. चुकली तर गेम उघडतानाच शेवटी ७बी असलेला एरर कोड येतो. शिवाय काही गेमना फाइलच्या नावात 'एक्सइनपुट'पुढे १_३ लागतं, काहींना १_४, काहींना ९_१_०. ती फाइल सिस्टीम ३२ फोल्डरमध्ये मात्र कधीही टाकू नका. चौथी आवृत्ती यातलं काही करत नाही. ती व्हायजेम बस नावाच्या ड्रायव्हरच्या जोरावर विंडोजमध्ये एक खोटा एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करते. त्या ड्रायव्हरच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून बंद आहेत, पण विंडोज १० आणि ११ वर शेवटची आवृत्ती चालते. तुम्ही चौथी घ्या. दोन्ही गोष्टी मूळ निर्मात्यांच्या पानावरूनच उतरवा. 'ड्रायव्हर पॅक' देणाऱ्या साइटांवर जाऊ नका.

त्यात 'राइट ट्रिगर'समोरच्या यादीत उजव्या काडीच्या उभ्या अक्षाचं उलटं अर्धं निवडा, नाव 'आयएच-अॅक्सिस' असं असतं. उलटं एवढ्यासाठी की डायरेक्टइनपुटमध्ये काडी वर गेली की आकडा कमी होतो. ब्रेकसाठी त्याच अक्षाचं साधं अर्धं, 'एच-अॅक्सिस'. तुमच्याकडे उभी हालचाल झेड अॅक्सिसवर आहे की झेड रोटेशनवर, ते पहिल्या पायरीतल्याच चौकटीत काडी सरळ वर ढकलून बघा. बटणांसाठी यादीतलं 'रेकॉर्ड' निवडून बटण दाबलं की झालं.

या गेमसाठी स्टीम इनपुट बंद करायला विसरू नका. दोन दुभाषे एकाच वेळी नकोत.

---

ऐरोली_सेक्टर_८

बंद केलं तरी माझ्याकडे मेनूत एकदा खाली दाबलं की दोन घरं खाली जातं. हाच सेटअप.

---

कळवा_खाडी

कारण गेमला दोन कंट्रोलर दिसतायत. एक खरा, एक खोटा. गेम दोन्ही भाषा ऐकणारा असला की दोघांचं ऐकतो. खऱ्याला लपवावं लागतं, त्यासाठी हिडहाइड नावाचं सॉफ्टवेअर.

बसवा, मशीन रीस्टार्ट करा. 'अॅप्लिकेशन्स' टॅबमध्ये एक्स-३६०-सीईची फाइल जोडा, म्हणजे खरा कंट्रोलर त्यालाच दिसेल. मग 'डिव्हायसेस' टॅबमध्ये कंट्रोलरवर टिक, खाली 'एनेबल डिव्हाइस हायडिंग'वर टिक. आता कंट्रोलरची वायर काढून पुन्हा लावा. ही पायरी राहिली तर काही बदललेलं दिसणार नाही. वरची 'गेमिंग डिव्हायसेस ओन्ली' ही टिक काढू नका. काढली तर यादीत इतर उपकरणंही येतात आणि भलत्यावरच हात पडतो.

खेळून झाल्यावर हायडिंग बंद करायची सवय ठेवा. नाहीतर महिन्याभराने 'कंट्रोलर अचानक दिसेनासा झाला' म्हणून नवा धागा निघतो.

अजून एक. चीट पकडणारी यंत्रणा असलेल्या ऑनलाइन गेमच्या फोल्डरमध्ये डीएलएल टाकण्याच्या फंदात पडू नका. बाहेरची फाइल म्हटल्यावर गेम उघडायला नकार देऊ शकतो, खात्यावरही येऊ शकतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या बऱ्याच गेमचं फोल्डर तर कुलूपबंदच असतं, तिथे तिसरी आवृत्ती निरुपयोगी.

---

खारघर_टेकडी

विषय थोडा वेगळा, पण इथेच विचारते. मुलीचा वायरलेस कंट्रोलर आहे, २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला. एक्सइनपुट आहे, सगळं चालतं. पण मध्येच बटण दाबलेलं राहतं, गाडी सरळ भिंतीत. बॅटरी पूर्ण असते. बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असली की जास्त होतं असं वाटतं. भ्रम आहे का?

---

घोडबंदर_गेमर

अजिबात भ्रम नाही, ताई. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. हार्ड डिस्कची वायर आणि डोंगल शेजारी-शेजारी असले की डोंगलला कंट्रोलरचा आवाजच नीट ऐकू येत नाही. 'बटण सोडलं' हा निरोप पोचला नाही की गेमच्या हिशोबी ते दाबलेलंच.

एक साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या, अर्धा ते एक मीटर, २.० ची पुरते. डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर, कंट्रोलरच्या समोर ठेवा. डेस्कटॉप असेल तर डोंगल मागच्या बाजूला लोखंडी डब्याच्या आड कधीच नको.

शिवाय आपल्याकडच्या टॉवरांत एका मजल्यावर चार घरं, प्रत्येकाचा राउटर, आणि २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. लॅपटॉपचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. ब्लूटूथने कंट्रोलर जोडणाऱ्यांना याचा फायदा जास्त, कारण लॅपटॉपात वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डावर असतात.

---

खारघर_टेकडी

वायर लावून हार्ड डिस्क चालू ठेवली आणि तासभर बघितलं. एकदाही अडकलं नाही. आभार!

---

तलावपाळी

चार्जिंगच्या वायरचं कोणी बोललं नाही. टाइप-सीवाला कंट्रोलर लॅपटॉपला लावला, दिवा लागला, चार्ज झाला, पण विंडोजमध्ये काहीच नाही, तर आधी वायर बदला. साध्या यूएसबी वायरमध्ये चार तारा लागतात: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटाच्या दोन. स्वस्त चार्जिंग वायरींत डेटाच्या दोन तारा नसतातच. ओळखायचं कसं? त्याच वायरने फोन लॅपटॉपला लावा. फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला नाही तर ती वायर फक्त चार्जिंगची.

उलटा प्रकारही आहे. दोन्ही टोकांना सी असलेली वायर लावली तर काही स्वस्त कंट्रोलर चार्जसुद्धा होत नाहीत. सीच्या पिनांवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. ते पाहिल्याशिवाय समोरचा सी पोर्ट वीजच सोडत नाही, आणि पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. एका टोकाला जुना चौकोनी ए असलेली वायर लावली की चालतो.

---

ऐरोली_सेक्टर_८

हिडहाइडने काम झालं, धन्यवाद. आता राहिलं ते म्हणजे डावी काडी सोडली तरी पात्र हळूहळू डावीकडे चालत राहतं. विंडोजमधून कॅलिब्रेट केलं, फरक शून्य.

---

तलावपाळी

विंडोजचं कॅलिब्रेशन डायरेक्टइनपुटच्या मार्गावर लागतं, एक्सइनपुट ऐकणाऱ्या गेमपर्यंत त्याचा भरवसा नाही. तिथे डेडझोन वाढवा, म्हणजे मध्याजवळची काडीची जेवढी हालचाल दुर्लक्षायची तो भाग. एक्सइनपुटमध्ये काडीचा आवाका ३२७६७ पर्यंत, आणि मायक्रोसॉफ्टने सुचवलेला डेडझोन डाव्या काडीला ७८४९, उजवीला ८६८९. म्हणजे जवळपास पाव भाग. चांगल्या कंट्रोलरला एवढा लागत नाही. झिजलेल्याला १० टक्क्यांपासून सुरू करून दोन-दोनने वाढवा, चालणं थांबलं की तिथेच थांबा. जास्त दिलात तर नेम धरताना काडी मेल्यासारखी वाटेल.

कारण यांत्रिक आहे. काडीखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, त्यांच्यात कार्बनच्या पट्टीवर घासणारा पातळ पत्रा. पट्टी झिजते, त्यात धूळ बसते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, बटणांखालच्या संपर्कांवरही ओल आणि मळ धरतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब काडीच्या बुडाशी, ती गोल-गोल पन्नासेकदा फिरवायची, अर्धा तास वाळू द्यायचं. वायर काढून, बॅटरी असेल तर बंद करून. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि जेल असतं. रबराखालच्या काळ्या टिकल्या खोडरबराने घासू नका, कार्बनचा थर निघाला की बटण कायमचं गेलं.

एवढ्याने थांबलं नाही तर काडीचा मॉड्यूल बदलणं. सोल्डरचे साधारण १४ टाके उकलावे लागतात, डिसोल्डरिंग पंपाशिवाय (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा) हात घालू नका. बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या उखडतात.

---

दिवा_जंक्शन

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी. एक्सइनपुट पॅडला कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एक्सपॅड ड्रायव्हर आपोआप लागतो. धाग्यातला ००७९ वाला साधा जॉयस्टिक म्हणून येतो, आणि एसडीएल या प्रोग्रामिंग लायब्ररीवर बनलेले गेम त्याला स्वतःच्या मॅपिंग यादीतून ओळखतात. तिथेही स्टीमचा मार्ग वर दिलाय तसाच.

---

ड्रायव्हरवाले_काका

मान्य, सीडी परत खोक्यात. पण मग दुकानात गेल्यावर बघायचं काय? वाशीला काय नि लॅमिंग्टन रोडला काय, सगळे 'पीसीला चालतो' हेच सांगतात.

---

घोडबंदर_गेमर

काका, 'चालतो' हे खरंच असतं, फक्त कुठल्या भाषेत ते सांगत नाहीत. खोक्यावर 'एक्स-इनपुट' हा शब्द शोधा. नसेल तर काउंटरवरच्या मशीनला लावून मगाचचीच चौकट उघडायला सांगा. नावात 'एक्सबॉक्स ३६०' आलं तर बरं.

मग प्रॉपर्टीजमध्ये उजवा ट्रिगर एकदम सावकाश दाबा. झेडची पट्टी बोटाबरोबर सरकली पाहिजे. एका झटक्यात टोकाला गेली तर आत बटणच आहे, बाहेरून आकार ट्रिगरचा. आणि दोन्ही ट्रिगर एकत्र दाबल्यावर पट्टी मध्यावर येऊन थांबली तर घाबरू नका. या जुन्या चौकटीत दोघांना एकच अक्ष दिलेला आहे, डावा एकीकडे ओढतो, उजवा दुसरीकडे. गेममध्ये ते वेगळेच असतात. यावरून चांगला माल परत करणारे बरेच आहेत.

काड्या सोडल्यावर खूण मध्यावर परत येते का, ते चार दिशांनी चार वेळा बघा. दुकानदार कंटाळला तरी.

---

नेरूळचा_निशाणा

माझं अंतिम मॅपिंग, ००७९ / ०००६ वाल्यांसाठी. एक्स-३६०-सीई आवृत्ती ४, स्टीम इनपुट बंद, हिडहाइड चालू, लाल दिवा चालू:

ए ३, बी २, एक्स ४, वाय १. डावा-उजवा बंपर (ट्रिगरच्या वरची बटणं) ५ आणि ६. बॅक ९, स्टार्ट १०. काडी दाबणं ११ आणि १२. डावी काडी एक्स आणि वाय अक्ष, डेडझोन ८ टक्के. गॅस आणि ब्रेक उजव्या काडीच्या झेड रोटेशनचे दोन अर्धे भाग. मोकळी राहिलेली ७ आणि ८ ही ट्रिगरची बटणं एक्स आणि बी म्हणूनही जोडली, गिअर बदलायला बोटाशी येतात.

थरथर नाही, तिची आशा सोडली. एक शंका: काल वायर दुसऱ्या पोर्टात लावली तर सगळं मॅपिंग गायब. पुन्हा पहिल्या पोर्टात लावल्यावर परत आलं. असं का?

---

कळवा_खाडी

या चिपला स्वतःचा सिरीयल नंबर नसतो. त्यामुळे विंडोज तिला पोर्टावरून ओळखतं. पोर्ट बदललं की तिच्या लेखी तो नवाच कंट्रोलर, आणि मॅपिंग जुन्याच्या नावावर. दुसऱ्या पोर्टासाठी एकदा पुन्हा मॅपिंग करा, हिडहाइडमध्येही टिक पुन्हा लागेल. नाहीतर चालणाऱ्या पोर्टाशेजारी मार्करने एक ठिपका काढून ठेवा.